आतड्याचा दाह आणि डोळ्यांची शुष्कता

पोटाचा रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे जातो आणि डोळ्यांचा रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे येतो. ही व्यवस्था सोयीची असली तरी शरीराने स्वतःची अशी वाटणी केलेली नाही. आतड्यातील दीर्घकालीन दाह सांध्यांत, त्वचेवर, यकृतात आणि डोळ्यांत प्रकट होऊ शकतो. त्यांपैकी युव्हिआयटिस, स्क्लेरायटिस यांसारख्या गंभीर नेत्रविकारांची चर्चा वैद्यकीय ग्रंथांतून विस्ताराने आढळते. डोळ्यांचा कोरडेपणा मात्र किरकोळ समजून मागे ठेवला जातो. प्रत्यक्षात रुग्णाला दररोज छळणारा, त्याचे वाचन, वाहन चालविणे आणि झोप यांवर परिणाम करणारा विकार बहुधा हाच असतो. प्रस्तुत लेखात या विषयाची माहिती आपल्या भागातील परिस्थिती लक्षात घेऊन देण्याचा प्रयत्न केला आहे. लेखातील काही भाग व्यवसायबंधूंसाठी आहे, तर काही सर्वसामान्य वाचकांसाठी. दोघांनीही तो पूर्ण वाचावा अशी अपेक्षा आहे, कारण या विकारात रुग्ण आणि डॉक्टर यांनी एकमेकांना योग्य प्रश्न विचारणे हाच निम्मा उपचार आहे.

आतड्याचा दाहविकार म्हणजे काय?

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, अर्थात आयबीडी, या नावाखाली मुख्यतः दोन रोग येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील आवरणास सूज येऊन व्रण पडतात. रक्त व आव मिश्रित शौच, वारंवार वेग आणि मुरडा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. परंतु लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते स्थान आहे. त्यात पोटदुखी, वजन घटणे, ताप, आतडे अरुंद होणे अशी लक्षणे दिसतात. दोन्ही रोगांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याविरुद्ध कार्यरत राहते. आयबीएस नावाचा विकार याहून अगदी निराळा आहे. त्यात आतड्याला सूज वा व्रण नसतात आणि शौचातून रक्त जात नाही. नावांतील साम्यामुळे रुग्णांचा, क्वचित कागदपत्रे लिहिणाऱ्यांचाही गोंधळ होतो.

हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, आपल्याकडे तो नसतो, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. पंजाबमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाख लोकसंख्येत सुमारे ४४ इतके आढळले होते. आपल्याकडे अडचण अशी की, ‘आव पडते’ या एका वाक्यावर अमीबाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात. दुसरीकडे, क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग यांत फरक करणे अनुभवी तज्ज्ञांनाही कठीण जाते. त्यामुळे निदानास विलंब होतो आणि तोपर्यंत रुग्ण इतर तक्रारी घेऊन इतर डॉक्टरांकडे फिरत राहतो.

डोळ्यांशी असलेला या रोगाचा संबंध नवा नाही. ज्या डॉ. बरिल क्रोन यांनी १९३२ साली दोन सहकाऱ्यांसह लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या दाहाचे वर्णन केले आणि ज्यांचे नाव पुढे रोगास मिळाले, त्यांनीच त्यापूर्वी १९२५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांतील नेत्रविकारांवर निबंध लिहिला होता.

अश्रुपटलाची रचना

अश्रू म्हणजे केवळ रडताना येणारे पाणी नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागावर सदैव एक अतिशय पातळ थर पसरलेला असतो. यासच अश्रुपटल म्हणतात. त्याचा मुख्य भाग पाण्याचा. तो अश्रुग्रंथींतून येतो. त्यात मिसळलेला चिकट म्युसिन हा पदार्थ नेत्रावरणातील गॉब्लेट पेशी तयार करतात व तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. सर्वांत वर तेलकट थर असतो. तो पापण्यांच्या कडेतील मायबोमियन ग्रंथींतून स्रवतो व पाण्याचे बाष्पीभवन रोखतो. यांपैकी एकही घटक कमी पडला की अश्रुपटल तुटते, उरलेले अश्रू खारट होतात आणि पृष्ठभागाचा दाह सुरू होतो. दाहामुळे ग्रंथी व पेशी आणखी बिघडतात. टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१७ साली केलेल्या व्याख्येत अश्रुपटलाचे संतुलन ढळणे हेच या विकाराचे मूळ मानले असून दाह व संवेदी नसांतील बिघाड यांनाही कारणांत स्थान दिले आहे. यामुळेच कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहते हे वरकरणी विचित्र वाटणारे लक्षण समजते. पृष्ठभाग चुरचुरला की प्रतिक्षिप्त क्रियेने पाणी येते, पण ते टिकत नाही.

आपल्या भागातील रुग्ण ‘ड्राय आय’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, “डोयात रेती गेल्यावानी टोचते.” डोळे चुरचुरणे, सकाळी पापण्या चिकटणे, उन्हात डोळा न उघडणे, वाचताना अक्षरे पुसट होऊन डोळे मिचकावल्यावर पुन्हा स्पष्ट दिसणे, ही सर्व एकाच विकाराची भाषा आहे.

आतड्याच्या रुग्णाचे डोळे का कोरडे पडतात?

आयबीडीच्या रुग्णांत शुष्कनेत्राचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक असल्याचे अनेक रुग्णालयीन अभ्यासांत आढळले आहे. त्यामागे एकच कारण नसून पुढील कारणे एकत्र काम करतात.

१) दाह : आतड्यातील दाह चालविणारी टीएनएफसारखी रासायनिक द्रव्ये रक्तावाटे सर्वत्र पोहोचतात. अशीच द्रव्ये शुष्कनेत्राच्या रुग्णांच्या अश्रूंमध्येही वाढलेली आढळतात. अश्रुग्रंथी आणि नेत्रावरण त्यास बळी पडू शकतात. काही रुग्णांत शोग्रेन्स सिंड्रोम हा तोंड व डोळे दोन्ही कोरडे करणारा स्वतंत्र विकारही सोबत असतो. म्हणून तोंड कोरडे पडते का, कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का, हे विचारावे.

२) जीवनसत्त्व ‘अ’ : हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते व त्यासाठी पित्तक्षारांची गरज असते. पित्तक्षार पुन्हा शोषून घेण्याचे काम लहान आतड्याचा शेवटचा भाग करतो. क्रोन्समध्ये नेमका तोच भाग रोगग्रस्त होतो किंवा शस्त्रक्रियेत काढला जातो. दीर्घकाळच्या अतिसारात जस्तही शरीराबाहेर जाते. यकृतात साठलेले ‘अ’ जीवनसत्त्व रक्तात आणणारे प्रथिन तयार होण्यास जस्त लागते, त्यामुळे साठा असूनही टंचाई भासू शकते. या कमतरतेत गॉब्लेट पेशी नष्ट होतात, नेत्रावरण निस्तेज व सुरकुतलेले दिसते, फेसाळ बिटोचे डाग पडतात आणि रातांधळेपण येते. आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू असल्याने ही चिन्हे बालकांत शोधण्याची आपणास सवय आहे. प्रौढात ती असतील असे सहसा मनात येत नाही. प्रौढास रातांधळेपण आल्यास आतड्याची चौकशी अवश्य करावी.

३) औषधे : पोटातील कळ थांबविणाऱ्या डायसायक्लोमिन व हायोसिनसारख्या गोळ्या, झोपेसाठी अथवा वेदनेसाठी दिलेले अमिट्रिप्टिलिन आणि सर्दीच्या गोळ्यांतील जुनी अँटिहिस्टामिने ही सर्व अश्रुस्राव कमी करतात. एकेक औषध निरुपद्रवी वाटते, परंतु तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्यांतून ती एकाच रुग्णाच्या पोटात जातात. सल्फासॅलाझिनमुळे क्वचित होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन विकारानंतर अत्यंत तीव्र स्वरूपाची कायम शुष्कता राहू शकते.

४) शरीरातील पाणी : दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जाणारा आणि शौच वाढेल या भीतीने पाणी कमी पिणारा रुग्ण कोरडाच पडणार.

आपल्या भागातील विशेष कारणे

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा नवा झाला तरी हवामान जुनेच आहे. चैत्र-वैशाखातील कोरडी लू आणि मे अखेरीचा नवतपा यांत अश्रूंचे बाष्पीभवन वेगाने होते. रात्री कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊन झोपण्याची आपली पद्धत यात भर घालते. कापसाच्या जिनिंगमधील तंतू व धूळ, संत्र्याच्या बागेतील फवारणी, चुलीचा धूर हे घटक पृष्ठभाग सतत चेतवीत राहतात. तरुण पिढीत मोबाइलची भर पडली आहे. एरवी मिनिटास सुमारे १५ वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे पाहताना निम्म्याहूनही कमी वेळा मिटते.

संत्रा बागायतदार वाचकांना एक उदाहरण पटेल. बहर धरण्यासाठी आपण झाडाला पाणी तोडून ताण देतो. निरोगी झाड तो ताण सोसते व फुलते. मुळे सडलेले झाड त्याच ताणाने वाळते. उन्हाळा सर्वांनाच असतो. निरोगी माणसाचे डोळे तो निभावून नेतात, आतड्याच्या रुग्णाचे डोळे मात्र त्याच उन्हाळ्यात आजारी पडतात. त्यामुळे ‘गरमीने होते’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

सौंसरकडील एक मध्यमवयीन शेतकरी माझ्याकडे डोळ्यांच्या चुरचुरण्यासाठी आले होते. दोन उन्हाळे त्यांनी गुलाबपाणी आणि दुकानातून घेतलेले थेंब यांवर काढले होते. संडासबद्दल विचारताच ते नाराजीने म्हणाले, “पोटाचं कायले पुसता, म्या त डोये दाखवाले आलो.” पुढे सावकाश विचारल्यावर वर्षभरापासून रक्त पडत असल्याचे, आठ किलो वजन उतरल्याचे त्यांनी सांगितले. ते मूळव्याध समजून गप्प होते. नागपूरला कोलोनोस्कोपी व बायोप्सी होऊन अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. हे उदाहरण देण्याचा हेतू असा की, प्रत्येक कोरड्या डोळ्यामागे आतड्याचा रोग असतो असे मुळीच नाही. बहुसंख्य रुग्णांत तो नसतोच. परंतु दोन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट पुरते.

तपासणी

सामान्य व्यवसायातही बरेच काही कळू शकते. आयबीडीच्या प्रत्येक रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत : डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते का? वाचताना दृष्टी मधूनमधून पुसट होते का? रात्री कमी दिसते का? तोंड कोरडे पडते का? डोळ्यांत कोणते थेंब, कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवस घालता? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

नेत्रतज्ज्ञाकडे फ्लोरेसीनने अश्रुपटल रंगवून ते किती सेकंदांत तुटते हे पाहिले जाते. १० सेकंदांपेक्षा कमी काळ सदोष समजतात. ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सुचविलेली कागदाच्या पट्टीची चाचणी आजही उपयोगी आहे. खालच्या पापणीत पट्टी अडकवून ५ मिनिटांनी ओल मोजतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी ओल असल्यास पाण्याच्या थराची कमतरता निश्चित मानावी. पापण्यांच्या कडा दाबून मायबोमियन ग्रंथींतील तेल पाहावे. क्रोन्सच्या रुग्णांत, विशेषतः आतडे काढलेल्यांत, रक्तातील रेटिनॉल तपासावे. ते १०० मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास कमतरता समजावी.

प्रत्येक लाल डोळा कोरडा नसतो

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हा आहे. आयबीडीच्या रुग्णाचा डोळा लाल झाल्यास चार शक्यता लक्षात घ्याव्यात. एपिस्क्लेरायटिसमध्ये लाली असते, वेदना किरकोळ असते आणि दृष्टी चांगली असते. आतड्याचा रोग उसळल्याची ती खूण असू शकते. स्क्लेरायटिसमध्ये खोल, झोपेतून उठविणारी वेदना असते. युव्हिआयटिसमध्ये प्रकाश सहन होत नाही, दृष्टी मंदावते, बाहुली वेडीवाकडी होऊ शकते. तो आतडे शांत असतानाही, कधी आतड्याच्या निदानापूर्वीही होतो आणि काही वेळा इतक्या हळू सुरू होतो की लाली दिसतही नाही. चौथी शक्यता आपल्या शेतकरी भागाची : पऱ्हाटीचे पान, संत्र्याचा काटा वा धसकट लागून झालेला बुरशीचा व्रण. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यात तो विशेष घातक ठरतो.

आता कल्पना करावी की या चौघांनाही दुकानातून एकच स्टिरॉइडचा थेंब मिळाला. दोघांना तात्पुरते बरे वाटेल, स्क्लेरायटिसला तो पुरणार नाही आणि बुरशीच्या व्रणाचा डोळा जाईल. कोरड्या डोळ्याच्या रुग्णासही त्याने दोन दिवस थंड वाटते, म्हणून तो बाटलीमागून बाटली आणतो. महिने-वर्षे असे थेंब घातल्याने डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो व गेलेली दृष्टी परत येत नाही. आयबीडीचा रुग्ण तोंडानेही प्रेडनिसोलोन घेत असेल तर धोका दुप्पट, मोतीबिंदूही लवकर. गोटमारीच्या दिवशी डोळ्याला दगड लागला तर सारे पांढुर्णा धावून येते. थेंबाच्या बाटलीने जाणारा डोळा कोणाच्याही लक्षात येत नाही.

वेदना, प्रकाशाचा त्रास, दृष्टी कमी होणे, अथवा काडीकचरा लागून डोळा लाल होणे, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञास दाखवावे.

उपचार

पहिला उपचार आतड्याचा. मूळ दाह आटोक्यात आला की डोळ्यांनाही अनेकदा आराम पडतो. मात्र आतडे शांत झाले म्हणून डोळ्यांची औषधे रुग्णाने आपणहून बंद करू नयेत.

कृत्रिम अश्रू, उदाहरणार्थ कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट, हा पाया होय. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असल्यास परिरक्षक नसलेले थेंब निवडावेत, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक स्वतःच पृष्ठभागास इजा करते. पापण्यांच्या ग्रंथी तुंबल्या असल्यास कोमट ओल्या कापडाने रोज ५ ते १० मिनिटे शेक द्यावा व कडा स्वच्छ कराव्यात. दाह अधिक असल्यास सायक्लोस्पोरिनचे थेंब उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात व सुरुवातीस जळजळ होते, हे रुग्णास आधीच सांगावे, अन्यथा तो आठवड्यातच बाटली टाकून देतो. पाण्याच्या थराची तीव्र कमतरता असल्यास अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत लहानशी बुचे बसविता येतात.

नेत्रतज्ज्ञ मित्रांस दोन सूचना. डोळ्याच्या वेदनेसाठी तोंडाने घेण्याची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथासिन यांसारखी औषधे लिहिण्यापूर्वी पोटाचा इतिहास विचारावा. त्यांमुळे शांत झालेला कोलायटिस पुन्हा उसळू शकतो. तसेच पापण्यांच्या ग्रंथींसाठी डॉक्सिसायक्लिन देताना आतड्याच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. फिजिशियन मित्रांस एक विनंती : अँटिस्पॅझमोडिक गोळ्या नित्याच्या चिठ्ठीत कायम राहू देऊ नयेत आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यास वर्षातून किमान एकदा डोळ्यांच्या दाबाच्या तपासणीस पाठवावे.

‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता सिद्ध झाल्यास ते औषधरूपाने द्यावे लागते; शोषणच होत नसेल तर इंजेक्शनचा विचार करावा. गर्भवती व गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना मोठी मात्रा कदापि देऊ नये, गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो.

आहाराबाबत विचारणा नेहमी होते. पपई, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, दूध आणि अंडी ही ‘अ’ जीवनसत्त्वाची चांगली साधने आहेत. आपले संत्रे गुणकारी असले तरी त्याची ख्याती ‘क’ जीवनसत्त्वासाठी आहे. केवळ संत्री खाऊन ‘अ’ची तूट भरून निघत नाही. क्रोन्समुळे आतडे अरुंद झालेल्या रुग्णाने तर संत्र्याच्या फोडी पांढऱ्या रेषांसह खाऊ नयेत, त्यांचा गोळा अडकू शकतो. गाळलेला रस बरा. अशा रुग्णाने पालेभाज्यांचे प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवावे. माशांच्या तेलातील ओमेगा-३ कॅप्सूलचा बराच गाजावाजा झाला. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत शुष्कनेत्रावर त्याचा साध्या तेलाहून अधिक लाभ आढळला नाही. तो खर्च चांगल्या थेंबांवर करावा.

घरी पाळावयाच्या गोष्टी

कूलर व पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये. दुपारी बाहेर पडताना बाजूने झाकलेला चष्मा आणि दुपट्टा वापरावा. फवारणी करताना डोळे झाकावेत. मोबाइल पाहताना दर २० मिनिटांनी दूर पाहावे व डोळे पूर्ण मिटावेत. डोळे चोळू नयेत. मध, गुलाबपाणी, काजळ, तूप डोळ्यांत घालू नये. अतिसार असताना मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. थेंबाची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

शेवटचे निवेदन

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो, परंतु मोठ्या आजारासाठी आपला रस्ता आजही बहुधा नागपूरकडेच जातो. परिणामी पांढुर्णा-सौंसरच्या रुग्णाची चिठ्ठी एका गावी हिंदीत, दुसऱ्या गावी इंग्रजीत लिहिली जाते आणि तो आपले दुखणे मराठीत सांगतो. या प्रवासात एका डॉक्टरांचे औषध दुसऱ्यांना ठाऊक नसते. त्यावर उपाय साधा आहे. आयबीडीच्या प्रत्येक रुग्णाने एक वही ठेवावी. तीत रोगाचे नाव, चालू औषधे, डोळ्यांत घालावयाचे थेंब आणि डोळे तपासल्याची शेवटची तारीख असावी, आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे, अगदी चष्म्याचा नंबर काढतानाही, ती उघडावी. आपल्या संस्थेच्या सभासदांनी आपापल्या दवाखान्यात अशा वहीचा आग्रह धरला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही आणि काही जणांची दृष्टी निश्चित वाचेल.